आतून लावलेलं दार

समुद्रात सोडलेलं आमचं दार मंगळवारी सकाळी चौकटीत परत आलं, आणि ते आतून लावलेलं होतं. मी चहाचं आधण ठेवून माजघरात आले तर ते समोर उभं. कडी घातलेली. फळ्यांवर शेवाळ धरलेलं, खालच्या कोपऱ्यात कालवं चिकटलेली. दार नेल्यापासून चौकट मोकळी होती आणि कोंबड्या खुशाल आत यायच्या, तेव्हा खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण आधी रागच आला. मला न विचारता घरात कोणी काही आणून ठेवलं की माझं डोकं फिरतं, मग ते आमचंच का असेना. मी कडीला हात लावला नाही. जाऊन गॅस बारीक करून आले.

यंदा दार द्यायची पाळी आमच्या घराची होती. किनाऱ्याजवळ आता मासा राहिलेला नाही. बाहेरचे मोठे ट्रॉलर दिवे लावून समुद्र खरवडून नेतात आणि आमच्या होड्या रिकाम्या परत येतात. म्हणून पार बाहेर, जिथून जमीन दिसत नाही तिथे, काहीतरी तरंगत ठेवावं लागतं. त्याच्या सावलीला मासा येतो. दुसऱ्या गावांतले लोक माडाची झावळं बांधून टाकतात, कोणी सुरूच्या फांद्या टाकतात. आमच्याकडे दार सोडतात. नव्या लाकडाखाली मासा येतो पण बसत नाही, म्हणजे मुक्काम करत नाही, असं आमची माणसं म्हणतात. ज्या लाकडाजवळून माणसांनी वर्षानुवर्षं ये-जा केली आहे, त्याच्यावर माशाचा विश्वास बसतो.

दारावर घरचा पुरुष बसतो, कारण माणसाच्या वजनाशिवाय सावली खोल जात नाही. आणि घरात नांगर राहतो. तिथे समुद्र इतका खोल असतो की कुठलाच दोर तळाला पोचत नाही, म्हणून दार धरून ठेवायचं काम घरातल्या एका माणसाकडे असतं. दार उचलताना ज्याचा हात त्याला शेवटचा लागतो तो नांगर. त्याने करायचं काहीच नसतं, फक्त घरात असायचं. लग्न झाल्यापासून मी तेच करत होते, त्यामुळे मला कोणी वेगळं शिकवायला आलं नाही. चौघांनी दार खांद्यावर घेतलं तेव्हा सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "हात लाव गो शेवंती," आणि मी पिठाचा हात पुसून लावला.

दारावर बसायला दिगंबर गेला, माझा नवरा. आमच्या होडीचा तांडेल बाबली तारी त्याला आणि दाराला घेऊन बाहेर गेला, तिथे दोघांना सोडलं आणि मागे फिरला. घराला मासळीचा वास सुटला की मासा बसला असं समजायचं आणि मग जाळं घेऊन जायचं, अशी रीत आहे. दिगंबरला पोहता येत नाही. आमच्यात पुष्कळांना येत नाही. होडी असताना पोहायचं कशाला, असं विचारतात.

चहा गाळत होते तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कोण ता?" मी विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"मी गो. तुझो घोव."

मी दाराला कान लावला. पलीकडे पाणी लाकडावर चापट्या मारत होतं.

"तुमी खंय आसात?"

"दारार बसलंय. कडी काढू नको हां. काढलंस तर मी सरळ आत पडतलंय."

दार आमच्याकडे उभं होतं आणि त्याच्याकडे आडवं. ही अडचण ऐकायला वाटते तेवढी मोठी नव्हती. तो बूड हलवायचा तेव्हा दार मधोमध आमच्या बाजूला जरासं फुगायचं. मला काय झालं असेल ते लगेच कळलं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"दार पालथा सोडलात काय?"

 दिगंबर चुकला की गप्प बसतो, हे त्याला कबूल करण्याहून सोपं वाटतं.

"आतली बाजू वर येवक व्हयी होती," मी म्हटलं.

"भायल्या बाजूक स्वस्तिक आसा. आई दर सोमवारी तेका हळदकुंकू लावता. ता काय पाण्यात पालथा घालू? माश्यांच्या तोंडात?"

दार सोडताना आतली बाजू आभाळाकडे ठेवतात. मग घर वर राहतं आणि समुद्र बाहेर राहतो, जसा तो असायला हवा. दिगंबरने देवाला वर ठेवलं आणि कडी पाण्यात गेली. आता दाराच्या आत जे होतं ते दाराच्या खाली होतं. म्हणजे आम्ही. बाबली इंजिनाशी झटत असणार, त्याचं लक्ष गेलं नसणार. आणि गेलं असतं तरी स्वस्तिकापुढे तो काही बोलला नसता.

"देव वर रवलो ता बराच झाला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, त्या माजघरातल्या खाटेवर असतात आणि तिथूनच घर चालवतात.

"आनी आपण?"

"आपण काय गो, घरातच आसो."

दुपारपर्यंत पहिले मासे आले. पाणी आलं नाही. लुगडं भिजलं नाही, चूल विझली नाही, भिंतींना ओल आली नाही. फक्त पाण्यात जे असतं ते सगळं आलं. उजेड हिरवट झाला. पेडव्यांचा एक घोळका देव्हाऱ्यासमोर येऊन थांबला आणि मी दिवा लावायला हात पुढे केला तसा दोन बाजूंना फाकला. हवा जड झाली होती. भाताला उकळी यायला फार वेळ लागला आणि वाफ वर जाण्याऐवजी भांड्याभोवती रेंगाळत राहिली. पेडवे लहान, निरुपद्रवी. मी पदराने त्यांना ताटावरून हाकलत जेवले.

पण मी मासेमाराच्या घरात जन्मले आहे आणि मासेमाराच्या घरात दिली गेले आहे. सावलीला आधी लहान मासा येतो. मग त्याला खाणारा येतो. मग त्यालाही खाणारा येतो. तिथवर पोचलं की जाळं येतं. मी भांडी घासता घासता हा हिशोब केला आणि बाबलीला जाऊन सांगायचं ठरवलं की दार पालथं पडलंय, आधी ते उलटा, मग काय ते करा.

बाबलीचं घर आमच्या परसाच्या दगडी गडग्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. पण तो दुपारचा झोपलेला असतो आणि झोपलेल्या तांडेलाला कोणी हाक मारत नाही. मी मागच्या दाराने निघाले. जाता जाता वळसा घालून घराच्या पुढच्या अंगणात डोकावले. तिथे दार नव्हतं, चौकटही नव्हती. सलग भिंत होती आणि तिच्यावर कोंबड्यांची सावली पडली होती. मी परसात परत आले आणि गडग्याच्या खाचेत पाय ठेवून पलीकडे उतरले. उतरले मात्र, घरातून सासूबाईंचा आवाज आला. त्या किंचाळल्या नाहीत, त्यांना किंचाळणं जमत नाही. पोरं रस्त्यावर गेली की जशा बोलवायच्या तशा त्या दिगंबरला बोलवत होत्या.

मी धावत आत आले. माजघर पुढच्या अंगाने वाढलं होतं. एरवी खाटेपासून दार चार पावलांवर. आता मधली जमीन लांबच लांब गेली होती, सारवलेली, स्वच्छ, आणि तिच्या टोकाला दार काड्यापेटीएवढं दिसत होतं. तेही डावीकडे सरकत होतं. दिगंबरचा आवाज येत होता पण शब्द कळत नव्हते. पाण्याची भीती असलेल्या माणसाचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.  मी जिथे होते तिथेच फतकल मारून बसले आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकले.

सासूबाई म्हणाल्या, "बस. आता हालू नको."

मी हलले नाही. संध्याकाळच्या सुमारास दार परत जवळ आलं, आधी खिडकीएवढं, मग दाराएवढं. कडी डोळ्यांना दिसली तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"गडगो वलांडलंस काय?" दिगंबरने विचारलं. त्याचे दात वाजत होते.

"होय."

"परत नको वलांडू."

"नाय वलांडणार," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बांगडे आले. ते पेडव्यांसारखे थांबले नाहीत, माजघरातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून माजघरात सारखे फिरत राहिले, सगळे एकदम वळायचे. त्यांच्यामागून घराला वास सुटला. मला तो आधी कळला नाही, माणसाला आपल्या घराचा वास कळत नाही. सुमतीला कळला. सुमती मेथर आमची शेजारीण, बाजारात मासळी विकते, आणि वासाच्या बाबतीत तिचं नाक मांजराला लाज आणील असं आहे. ती डोक्यावर पाटी घेऊन मागच्या दारात उभी राहिली. पाटी आणली याचाच मला संताप आला.

"बसलो काय गो मासो?"

"बसता."

तिने आत डोकावून पाहिलं. एक बांगडा तिच्या नाकासमोरून गेला, तो तिने धरला, कल्ला उचलून बघितला आणि पाटीत टाकला. मग माझ्या दंडाला बोटाने दाबून पाहिलं. बाजारात ती असंच करते, दाबलेली जागा वर येते का ते बघते. तिला आपण काय केलं ते कळलं नसावं, कारण ती लगेच दुसऱ्या बांगड्याकडे वळली.

"सुमती, माझा एक काम कर. बाबलीक सांग, दार पालथा पडलाहा. मी आनी आई जाळ्याच्या जाग्यावर आसो. आधी येवन आमच्या ह्यांका होडीत घे म्हणान सांग, आमका भायर पडूक दी, मगे जाळा घाल."

"होडी सुटताना मागसून हाक मारूची नाय."

"मगे फुडसून सांग."

"बायलमाणसान आडवा जावचा? सगळ्या हंगामाचो इस्कोट होतलो. आनी तुझ्याच घोवाचो वाटो सगळ्यांत मोठो, तुका कळना नाय?"

"सुमती, मी आत आसंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी दया येत होती, हे दिसत होतं. तिच्या नवऱ्याचा पण होडीत वाटा होता, हेही दिसत होतं.

"बघतंय कसा जमता ता," ती म्हणाली, आणखी थोडे बांगडे हवेतून वेचले आणि गेली. ती गेल्यावर मागचं परस मला पूर्वीपेक्षा खोल वाटलं. गडगा होता तिथेच होता, पण त्याच्यापलीकडची बाबलीची कौलं दिसेनाशी झाली होती. तिथे नुसता निळा रंग होता.

वाट्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्या होडीवर जाळ्यात जे येतं त्याचे वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, एक दाराचा, मग तांडेल, मग खलाशी. आलेली वस्तू कुणाची ते विचारायचं नाही, विचारलं की जाळ्याचा हात जातो, मग त्यात मासा येत नाही. मी नवी नवरी होते तेव्हा बाबलीच्या जाळ्यात त्याच्याच भावाचा हरवलेला नांगर आला होता. भावाने ओळखला, त्यावर त्याच्या आज्याचं नाव कोरलेलं होतं. पण रीत ती रीत. अख्खा लोखंडी नांगर कानशीने कापून वाटला होता, आणि भावानेही आपला तुकडा मुकाट्याने घरी नेला. मी सासूबाईंना याची आठवण करून दिली.

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तसो एक तुकडो तुझ्या सासऱ्याकडे पण होतो. अडकित्तो केल्लो तेचो."

पुढे दिवस गरम होत गेले. दिगंबरला ऊन लागत होतं. त्याच्याकडे पाण्याचा डबा होता, चुरमुरे होते आणि डोक्यावर टॉवेल. दुपारी मी दाराला पाठ लावून बसायचे. तो जिथे बसलेला असायचा तिथे लाकूड उबदार असायचं. घरात असतो तेव्हा तो माझ्याशी चार शब्द बोलत नाही, होडीच्या, बर्फाच्या, डिझेलच्या गोष्टी इतर माणसांशी करतो. तिथे दुसरं कोणी नव्हतं म्हणून माझ्याशी बोलायला लागला. एकदा त्याने आभाळ कसं दिसतं ते सांगितलं. एकदा म्हणाला की बाहेर इतका शुकशुकाट आहे की मी आत भाकरी थापते ते त्याला ऐकू येतं, आणि ते ऐकत तो झोपतो. मला ते आवडलं. लपवून काय करू, फार आवडलं. दार पालथं पडलं ते एका परीने बरंच झालं असं एक दुपारभर वाटलं मला.

"कुपे इले?" त्याने विचारलं.

"इले."

"मोठे?"

"आईच्या खाटेएवढे."

पलीकडे तो हसला. हंगामात पहिल्यांदा हसला असेल. कुपे, बांगड्यांना खाणारे, माजघराच्या मधोमध उभे असल्यासारखे संथ फिरत होते आणि बांगडे भिंतींना चिकटून राहिले होते. पेडवे उरले नव्हते. मी त्याला इसवण आल्याचंही सांगितलं, तिचे दात सांगितले, कशी चाकूसारखी वळते ते सांगितलं. मी बोलत गेले आणि तो "आनी? आनी?" करत ऐकत गेला. आपल्या बोलण्याची कोणी वाट बघावी, हे सुख मला माहीत नव्हतं. म्हणून मी एकही मासा वगळला नाही.

"होडी दिसली काय सांगा हां," मी म्हटलं. "लगेच सांगा. दिसली की मी आईक पाठुंगळीक घेवन मागच्या दारान भायर पडतंय. मगे दार सुटला तरी होडी तुमका धरतली."

"सांगतंय."

"इसरू नको."

मी घाईत त्याला एकेरी बोलून गेले. 

मागचं दार लांब लांब जात होतं. स्वयंपाकघराची जमीन उताराला लागली होती, पाण्याची कळशी ठेवली की घरंगळत परसाकडे जायची. मी येता-जाता अंतर डोळ्याने मापायचे. सासूबाईंना पाठीवर घेऊन किती वेळ लागेल याचा अंदाज घ्यायचे. एकदा त्यांना घेऊन चूल ओलांडेपर्यंत जाऊनही पाहिलं, त्या हलक्या झाल्या होत्या.

मग मोरी आली, बाहेरची माणसं जिला शार्क म्हणतात ती. सकाळी मी उठले तर ती खाटेखाली होती. आधी मला ती खाटेचीच सावली वाटली. ती बाहेर निघाली, तिची पाठ वळकटीला घासून गेली आणि वळकटीचं कापड फाटलं. ती मोठ्याने काही करत नव्हती. माजघराला एक फेरी मारायची, दाराजवळ यायची, जिथे दिगंबरची ऊब होती तिथे नाक लावून थांबायची, आणि परत फेरी. कुपे तिला वाट देत होते. मी भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेले.

"मोरी इली," मी हळू म्हटलं.

"हां."

"होडी दिसता काय?"

 पाण्याच्या चापट्या थांबल्या होत्या. दिगंबर श्वास घेत होता तो मला लाकडातून कळत होता. त्याने बूड हलवलं नाही. तो उठून उभा राहिलेला होता, दार मधोमध नाही, दोन ठिकाणी फुगलं होतं, दोन पावलांएवढ्या जागी.

"उभे कित्या रवलात?"

दोन्ही फुगवटे जरासे सरकले.

"होडी इली?"

"इली."

"कदी?"

"मगाशी."

"मगाशी म्हंजे?"

"जाळा घालून झाला," दिगंबर म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघर उतारावर लांब पसरलं होतं आणि त्याच्या टोकाला मागचं दार उघडं होतं. त्याच्या बाहेर निळ्यात बारीक चौकोन दिसत होते. ते सगळे एकदम हलले. खालची दोरी ओढायला सुरुवात झाली होती. जाळं आधी खालून आवळतात, म्हणजे मासा तळातून निसटत नाही. दार वर होतं, म्हणून आमचा तळ मागच्या बाजूला होता. चौकोन मागच्या उंबऱ्यावरून आत आले आणि मोरीच्या, कळशीच्या, पाटा-वरवंट्याच्या मागून जमीन झाडत वर सरकू लागले.

"माका कित्या नाय सांगलात?"

"तू गेली असतंस."

"होय. गेलंय असतंय."

"मगे दार सुटला असता. मासो फुटलो असतो. शेवंती, इतको मासो मी जन्मात बघूक नाय. वरसून दिसता गो, काळा झाला पाणी."  तो खोटं बोलत नव्हता. "वायच कळ काढ. जाळा वर इला की मी बाबलीक सांगतंय. मी स्वता हात घालून तुमका भायर काढतंय."

"वाट्यात इलंय तर?"

"तसा कसा होयत? मी आसंय ना हय."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायची इतकी सवय होती की क्षणभर मी ठेवला. मग मला बाबलीचा भाऊ आठवला, स्वतःच्या आज्याचं नाव असलेला तुकडा फडक्यात गुंडाळून नेणारा. तो पण तिथेच होता. तो पण चांगला माणूस आहे.

मी कडीवर हात ठेवला. मागे जाळं होतं, बाहेर पडायला आता हे एकच दार उरलं होतं.

"नको गो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाय पोटाशी घेतले होते कारण जाळं खाटेच्या मागच्या खुरांना लागलं होतं. "कडी काढलंस तर तो आत येतलो. तेका पवाक येणा नाय. मोरी थंयच आसा."

"आनी आपण?"

"माझो झील वर आसा," त्या म्हणाल्या. "माझा तेवढ्यान भागता."

"माझा नाय भागणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, मी भात करपवल्यावर बघतात तशा बघत होत्या. मग जाळ्याने खाट उचलली आणि त्या तिच्यासकट कुशीवर झाल्या. बांगड्यांनी त्यांना चहूकडून घेरलं. त्यांचा हात तेवढा बाहेर राहिला, तो मला नाही म्हणत होता.

मी कडी काढली. ती गंजली होती, तरी आवाज न करता निघाली. दार लगेच आत आलं नाही, कारण तोवर मी दोन्ही तळवे त्याला लावले होते आणि पाय रोवून उभी होते. दिगंबरचं सगळं वजन माझ्या मनगटांत आलं. इतक्या वर्षांचं ओळखीचं वजन. ते मला कधी जड झालं नव्हतं आणि आताही त्याला पेलण्यात काही विशेष नव्हतं. फटीतून उन्हाची एक पट्टी माजघरात पडली, आणि सगळे मासे, कुपे, इसवण, जाळ्यातले, जाळ्याबाहेरचे, तिच्याकडे तोंड करून थांबले. मोरीही थांबली.

"शेवंती," वरून दिगंबर म्हणाला. दाराचं हलणं त्याला पायांना कळलं होतं. "कडी लावलेली आसा ना?"

जाळ्याची दोरी माझ्या पोटऱ्यांना लागली. ती ओली होती. इतक्या दिवसांत घरात ओली झालेली ती पहिलीच वस्तू.

"शेवंती?"

मी दारावरचा एक हात खाली घेतला.